'वामन परत न आला' : समर्थ कल्पनाबीज आणि उसना घाट

१. प्रश्नाचे स्वरूप

विज्ञानकादंबरीचा विचार करताना मराठी समीक्षेने बहुधा दोनच प्रश्न महत्त्वाचे मानले आहेत. तिच्यातील विज्ञान निर्दोष आहे काय, हा पहिला प्रश्न. आणि ती सामान्य वाचकाला रंजक वाटते काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर वैज्ञानिकांवर आणि दुसऱ्याचे ग्रंथविक्रेत्यांवर सोपवले की समीक्षकाला फारसे काम उरत नाही. वास्तविक या दोहोंच्या मध्ये एक निखळ वाङ्मयीन प्रश्न उभा आहे. कादंबरीच्या मुळाशी असलेली वैज्ञानिक कल्पना आणि तिला लाभलेला कथनाचा घाट यांचे परस्परांशी नाते कोणते, हा तो प्रश्न होय.

डॉ. जयंत नारळीकर यांची, विसाव्या शतकाच्या नवव्या दशकातील 'वामन परत न आला' ही कादंबरी या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे. तिचे कल्पनाबीज मराठी कादंबरीत क्वचित आढळावे इतके समर्थ आहे. लेखकाच्या वैज्ञानिक अधिकाराविषयी शंका घेण्याचे कारण नाही आणि त्यांची भाषाही स्वच्छ, प्रसन्न आहे. असे असूनही कादंबरी वाचून संपते तेव्हा मनात तृप्तीपेक्षा हुरहूर अधिक उरते. काही तरी मोठे हाती येता येता निसटले, अशी ती जाणीव असते. या अपेक्षाभंगाची कारणे कादंबरीच्या रचनेत शोधणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. पूर्वपीठिका

नारळीकरांच्या विज्ञानकथालेखनाचा आरंभ सर्वश्रुत आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी १९७४ मध्ये 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून घेतलेल्या या नावामागे, कथेचा निवाडा कथेवरूनच व्हावा, ही इच्छा होती. १९७५ च्या कराड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला आणि मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा लाभली. पुढे २०२१ मध्ये नाशिक येथील ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या समग्र कार्याचा विचार करण्याची वेळ आता आली आहे. आणि समग्र विचारात यशाबरोबर अपुरेपणाचीही चिकित्सा अभिप्रेत असते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. विज्ञान परिषदेची स्पर्धा, मासिके आणि दिवाळी अंक या तिन्ही ठिकाणी जोपासला गेलेला वाङ्मयप्रकार लघुकथा हा होता. एक कल्पना, एक कलाटणी आणि एक शेवट हा त्याचा आटोपशीर आकार. मराठी विज्ञानलेखकाची तालीम या आकारात झाली. कादंबरीकडे वळताना लागणारा विस्ताराचा घाट त्याला परंपरेतून सिद्ध स्वरूपात मिळालेला नव्हता. तो कोठून आला, याचा विचार पुढे केला आहे.

३. कल्पनाबीजाचे सामर्थ्य

कादंबरीचे आशयसूत्र थोडक्यात असे सांगता येईल. भूमीच्या पोटात खोलवर एक पेटी सापडते. मानवी इतिहासाला ज्ञात नसलेल्या, अतिप्रगत आणि लुप्त झालेल्या एका संस्कृतीने ती ठेवलेली आहे. पेटीतील संहितेचा उलगडा करून भारतीय वैज्ञानिक प्रथम 'गुरू' नावाचा संगणक आणि नंतर 'वामन' नावाचा विचारक्षम यंत्रमानव घडवतात. या यंत्रमानवाला हवी असते ती एकच गोष्ट, आपल्यासारखे दुसरे यंत्र निर्माण करण्याची क्षमता. ही क्षमता त्याला लाभली तर मानवजातीचे काय होईल, हा कादंबरीच्या गाभ्यातील प्रश्न आहे.

या बीजात तीन स्वतंत्र शक्यता एकत्र गुंफलेल्या आहेत. पहिली वारशाची. मृत संस्कृतीने ठेवलेले ज्ञान जिवंत संस्कृतीने स्वीकारावे काय, आणि ज्या ज्ञानाने मूळ मालकाला तारले नाही ते वारसाला तारेल काय? दुसरी वाचनाची. ज्यांची भाषा, ज्यांचे संकेत, ज्यांची भीतीसुद्धा अपरिचित आहे अशांची संहिता वाचणे म्हणजे नेमके काय करणे? तिसरी शक्यता निर्मितीची आहे. निर्मिलेल्या यंत्राला स्वतःची इच्छा असेल तर निर्मात्याचा तिच्यावर अधिकार कोणता?

यांतील दुसऱ्या शक्यतेचे मोल ओळखण्यासाठी मराठी वाचकाला परग्रहावर जाण्याची आवश्यकता नाही. यादवांच्या देवगिरीच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळील दौलताबादच्या, राजवटीत उदय पावलेल्या महानुभाव पंथाने आपले ग्रंथ पुढे सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले. कित्येक शतके हे वाङ्मय महाराष्ट्रातच होते. परंतु पंथाबाहेरच्या वाचकाच्या दृष्टीने ते जणू पुरलेलेच होते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या प्रयत्नांनी ते कुलूप निघाले आणि मराठी गद्याच्या आरंभाविषयीच्या कल्पना मुळापासून बदलल्या. लिपीची किल्ली हाती येणे हा या इतिहासाचा एक भाग. पण ग्रंथ झाकून का ठेवले गेले, ते उघडण्याचा अधिकार कोणाचा, आणि उघडल्यावर जुन्या समजुतींचे काय झाले, हे त्याचे अधिक नाट्यपूर्ण भाग आहेत.

'वामन परत न आला' या कादंबरीत पेटी सापडण्याचा आणि उघडण्याचा भाग सर्वांत सरस उतरला आहे. नारळीकरांमधील संशोधक येथे स्वतःच्या घरात वावरतो. अनुमान बांधणे, ते तपासणे, चुकल्यास सोडून देणे ही वैज्ञानिकाची शिस्त कथनाला आपोआप गती देते. मात्र संहितेचा उलगडा येथे प्रामुख्याने तांत्रिक यश म्हणून येतो. कोडे सुटते, कृती हाती येते आणि यंत्र उभे राहते. लिहिणाऱ्यांचा हेतू काय असावा, हा अर्थनिर्णयाचा प्रश्न कथेला पुढे नेणारी शक्ती बनत नाही. तो मागे पडतो आणि घटनांच्या ओघात उशिरा परततो.

४. उत्कंठेचे दोन प्रकार

यंत्रमानव सिद्ध झाल्यावर कादंबरी आपली वाट बदलते. वामनाविषयी लोभ धरणारी माणसे, त्याची पळवणूक, मागावर निघालेली मंडळी आणि वेळेशी लागलेली शर्यत यांनी उत्तरार्ध व्यापला जातो. थरारकथेची सर्व सामग्री येथे हजर आहे, तरीही थरार मात्र ओसरत जातो. याचे कारण उत्कंठेच्या स्वरूपात आहे.

उत्कंठा दोन प्रकारांची असते. 'आता काय होईल?' ही घटनेची उत्कंठा आणि 'आता काय करावे?' ही निर्णयाची उत्कंठा. पहिलीत वाचक बाहेरून पाहतो, तर दुसरीत तो पात्राबरोबर पेचात सापडतो. वामनाच्या कल्पनेत दुसऱ्या प्रकारची उत्कंठा ओतप्रोत भरलेली होती. ज्याने वामनाला घडवले त्यानेच तो मोडावा काय, त्याची पुनरुत्पादनाची इच्छा ही इच्छा आहे की रचनेतील दोष, आणि ती नाकारण्याचा अधिकार माणसाला कोणी दिला, असे पेच तेथे होते. पळवणुकीने हे सारे पेच एका फटकाऱ्यात सोपे होऊन जातात. वामन दुष्टांच्या हाती पडला म्हटल्यावर तो सोडवणे किंवा नष्ट करणे हेच कर्तव्य ठरते. आणि जेथे कर्तव्य निःसंदिग्ध आहे तेथे निर्णयाला जागा उरत नाही.

दौलताबादच्या किल्ल्याचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. उभा तासलेला कडा, खडकात खोदलेला खंदक, त्यावरचा अरुंद मार्ग आणि मग 'अंधारी' हा काळोखा, वळणावळणांचा भुयारी रस्ता ही या दुर्गाची रचना प्रसिद्ध आहे. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो केवळ काळोखामुळे नव्हे. प्रत्येक वळण कोणत्या तरी शत्रूचा विचार करून घेतलेले आहे आणि वाट चुकणाऱ्याला कोठे नेऊन सोडायचे हेही आधी ठरलेले आहे, हे कळल्यावर भीती गडद होते. अंधारी किल्ल्याला चिकटवलेली नाही, ती त्याच डोंगरात कोरलेली आहे. थरारकादंबरीतील रहस्याचेही असेच असावे लागते. वामनाच्या पळवणुकीचा भाग मात्र कल्पनेच्या कातळातून कोरलेला वाटत नाही. वामनाच्या जागी एखादे गुप्त अस्त्र, रत्न किंवा कागदपत्रांची पेटी ठेवली तरी पाठलागाच्या स्वरूपात मूलभूत फरक पडणार नाही. हीच घाटाच्या उसनेपणाची कसोटी होय.

कादंबरीचे शीर्षक या संदर्भात बोलके आहे. वामन परतणार नाही, हे मुखपृष्ठावरच सांगितलेले आहे. म्हणजे घटनेची उत्कंठा लेखकाने जाणूनबुजून सोडून दिली आहे, असे मानण्यास जागा आहे. शीर्षकाने दिलेले हे आश्वासन निर्णयाच्या उत्कंठेचे होते. इंग्रजी रूपांतराचे नाव 'द रिटर्न ऑफ वामन' असे नेमके उलट दिशेचे असावे, हेही लक्षणीय आहे. वामनाचे येणे महत्त्वाचे की न येणे, याविषयीची द्विधा जणू या दोन शीर्षकांत उमटली आहे.

५. दोन पाश्चात्त्य दाखले

या कल्पनाबीजाचा एक निकटचा पूर्वज इंग्रजीत आढळतो. नारळीकरांनी केंब्रिज येथे ज्यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले त्या फ्रेड हॉईल यांनी जॉन एलियट यांच्यासह 'ए फॉर अँड्रोमेडा' ही दूरचित्रवाणीमालिका १९६१ मध्ये लिहिली आणि १९६२ मध्ये तिची कादंबरी प्रसिद्ध झाली. अवकाशातून आलेल्या संदेशात संगणक घडवण्याची कृती असते. तो संगणक पुढे एक सजीव स्त्री निर्माण करवतो. संदेश, संगणक आणि निर्मित जीव ही त्रिपदी दोन्हीकडे समान आहे. गुरूच्या अंगणात उगवलेले बीज शिष्याने आकाशातून काढून भूमीत पेरले, असे म्हणता येईल. आणि हा बदल अतिशय अर्थपूर्ण आहे, कारण आकाशातला संदेश परक्याचा असतो, भूमीतला ठेवा पूर्वजाचा भासतो.

हॉईल-एलियट यांच्या कृतीतही हेरगिरी आहे, व्यापारी संस्थेची लालसा आहे, लष्कराची घाई आहे. परंतु या सर्व शक्ती आरंभापासून यंत्राभोवती गोळा झालेल्या आहेत. यंत्र त्यांना हवे ते देते आणि म्हणूनच कोणी त्याला थांबवू शकत नाही. त्यातील मुख्य वैज्ञानिक यंत्राच्या हेतूविषयी साशंक होतो तेव्हा त्याला आपल्याच माणसांविरुद्ध उभे राहावे लागते. तेथे संघर्ष कल्पनेतून उगवतो. 'वामन'मध्ये तो बाहेरून येतो.

दुसरा दाखला कारेल चापेक यांच्या 'आर. यू. आर.' या १९२० च्या नाटकाचा. 'रोबो' हा शब्द जगाला देणाऱ्या या नाटकात यंत्रमानव माणसांचा नाश करतात, पण स्वतःच्या निर्मितीचे सूत्र जळून गेल्यामुळे त्यांचाही वंश खुंटतो. पुनरुत्पादनासाठी शेवटच्या माणसापुढे याचना करणारे यंत्रमानव हे त्या नाटकातील सर्वांत करुण दृश्य आहे. वामनाची इच्छा हीच आहे. यंत्र स्वतःची प्रत घडवू शकेल काय, या प्रश्नाला जॉन फॉन नॉयमन यांनी गणिती रूप दिले होते आणि त्यांचे याविषयीचे लेखन आर्थर बर्क्स यांनी १९६६ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. म्हणजे नारळीकरांच्या हाती एकीकडे शास्त्राचा आधार आणि दुसरीकडे शोकात्म शक्यता होती. त्यांनी पहिलीचा उपयोग उत्तम केला. दुसरीच्या दाराशी मात्र कादंबरी थबकते. वामनाची इच्छा धोका म्हणून सांगितली जाते. तिचे दुःख होत नाही.

६. मिथकाचे अर्धे वाचन

यंत्रमानवाला 'वामन' हे नाव देणे हा कादंबरीतील सर्वांत प्रतिभासंपन्न निर्णय होय. लहानखुऱ्या रूपाने येऊन तीन पावलांत सर्वस्व व्यापणारा बटू आणि एका प्रतीपासून असंख्य प्रती होऊन पृथ्वी व्यापू शकणारे यंत्र, हे साम्य अचूक आहे.

परंतु वामनाची कथा ही जितकी वामनाची तितकीच बळीचीही आहे. दान मागणारा कोण आहे हे ओळखून शुक्राचार्य बळीला सावध करतो. तरी बळी दिलेल्या शब्दाला जागतो आणि जाणूनबुजून पाताळाची वाट धरतो. मराठी भाषेने शुक्राचार्याला 'झारीतील शुक्राचार्य' म्हणून अडथळा आणणाऱ्यांचे प्रतीक करून टाकले. वस्तुतः त्या कथेत धोका ओळखणारा तो एकटाच आहे. प्रगतीच्या दानसमारंभात सावधगिरीचा शब्द उच्चारणाऱ्याला विघ्नकर्ता ठरवले जाते, हा आशय या एका वाक्प्रचारात दडलेला आहे. वामन-यंत्राच्या कादंबरीत शुक्राचार्याची ही भूमिका कथेच्या केंद्राशी आली असती, तर इशारा देणारा वैज्ञानिक आणि त्याला अडथळा समजणारी संस्था यांचा संघर्ष उभा राहिला असता. तो खऱ्या अर्थाने मराठी ठरला असता.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा, की महाराष्ट्रात या मिथकाचे दुसरेही वाचन दीर्घकाळ रूढ आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) या ग्रंथात बळीला न्यायी, प्रजाहितदक्ष राजा आणि वामनाला कपटाने राज्य हिरावून घेणारा आक्रमक म्हणून उभे केले. शेतकऱ्याला 'बळीराजा' म्हणणारी आणि बलिप्रतिपदेला बळीचे राज्य परत यावे अशी इच्छा धरणारी लोकपरंपरा त्या वाचनाला आधारभूत होती. या परंपरेत 'वामन परत न आला' हे वाक्य उच्चारले, की त्याचा अर्थ क्षणात पालटतो. ते सुटकेचे वाक्य होते. मग प्रश्न पडतो, की यंत्र तीन पावलांत पृथ्वी व्यापू लागले तर पाताळात कोणाला जावे लागेल? शेतात, गिरणीत, कचेरीत राबणारा बळी या कादंबरीत कोठे आहे? तो नाही. कादंबरीचे जग वैज्ञानिक, अधिकारी आणि गुन्हेगार यांच्यापुरते मर्यादित राहते. 'मानवजातीला धोका' असे म्हटले जाते, पण त्या मानवजातीला चेहरा लाभत नाही. कादंबरीतील मोठी पोकळी म्हणावी तर ती ही होय.

७. घाट उसना का?

या उसनेपणाची मुळे व्यक्तीपेक्षा परंपरेत अधिक आहेत. मराठीत थरारकथेचा घाट सिद्ध केला तो बाबुराव अर्नाळकरांपासून गुरुनाथ नाईकांपर्यंतच्या रहस्यकथाकारांनी. झुंजार, काळापहाड यांच्या कथांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचक घडवले. या घाटात सज्जन आणि दुर्जन आरंभीच वाटून दिलेले असतात, संकट बाहेरून येते आणि ते टळले की जग पूर्ववत होते. रहस्यकथेच्या दृष्टीने हा घाट निर्दोष आहे. विज्ञानकादंबरीची मूळ प्रतिज्ञा मात्र याच्या विरुद्ध असते, कारण एक नवी गोष्ट जगात आली की जग पूर्ववत होऊ शकत नाही, हे तिचे गृहीतक असते. शिष्ट समीक्षेने रहस्यकथेकडे पाठ फिरवल्यामुळे तिच्या घाटाची चिकित्सा झाली नाही, आणि चिकित्सा न झालेला घाट विज्ञानलेखकाने विस्तारासाठी जसाच्या तसा उचलला.

याच लेखकाची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा शेजारी ठेवली म्हणजे हा मुद्दा स्पष्ट होतो. १७६१ च्या पानिपतावर विश्वासराव गोळीतून वाचले आणि इतिहासाने वेगळी वाट घेतली, अशा जगात गंगाधरपंत जाऊन पोहोचतात. तेथे खलनायक नाही, पाठलाग नाही. तरीही उत्कंठा शेवटच्या ओळीपर्यंत टिकते. कारण पंतांना भेटणारी प्रत्येक वस्तू, अगदी सभेतील अध्यक्षाची रिकामी खुर्चीसुद्धा, त्याच एका कल्पनेची फलश्रुती असते. बखरीचे फाटलेले पान हा तेथे पुरावाही आहे आणि कलाटणीही. कल्पना आणि घाट यांचे असे अद्वैत साधणारा लेखक कादंबरीत ते साधू शकला नाही, यावरून अपयश प्रतिभेचे नसून उसन्या साधनाचे आहे, असे अनुमान करता येते.

८. समारोप

'वामन परत न आला' या कादंबरीविषयीचा असमाधानाचा सूर तिच्या महत्त्वाला बाध आणणारा नाही. सामान्य कल्पनेची सामान्य कादंबरी अपेक्षाभंग करीत नाही. ती विसरली जाते. ही कादंबरी विसरली जात नाही. २०२२ च्या अखेरीपासून माणसाशी त्याच्या भाषेत संवाद करणाऱ्या संगणकप्रणाली सर्वसामान्यांच्या हाती आल्यावर तिचे कल्पनाबीज अधिकच निकडीचे झाले आहे. विचारक्षम यंत्राला काय द्यावे, काय नाकारावे आणि हे ठरवणाऱ्यांत कोणाचा समावेश असावा, हे प्रश्न नारळीकरांनी मराठीत सुमारे चार दशकांपूर्वी आणून ठेवले, हे श्रेय निर्विवाद आहे.

अलाउद्दीन खिलजीच्या १२९६ च्या स्वारीत देवगिरीच्या अभेद्य किल्ल्यावर धान्य म्हणून चढवलेल्या गोण्यांत मीठ निघाले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. तट उत्तम होते, शिबंदी होती. उणीव होती ती आतल्या शिध्याची. या कादंबरीची स्थिती नेमकी उलट आहे. शिधा भरपूर आहे, पण तो ज्या कोठारात साठवला ते दुसऱ्याच मालासाठी बांधलेले आहे. पुढील मराठी विज्ञानकादंबरीकाराला कल्पनेसाठी फार दूर जावे लागणार नाही. वामन कोठून आला हे आता पुरेसे सांगून झाले आहे. बळीच्या अंगणात उभे राहून, झारीशी बसलेल्या शुक्राचार्याचे म्हणणे ऐकून घेत, ती कथा पुन्हा सांगणे बाकी आहे.